नळ सोडू नका!

किल्ली हरवली, चष्मा सापडेना, की घरात पहिली हाक वहिनीला. पण सासूबाईंच्या आंघोळीपुढे तिनंही हात टेकले होते. त्या न्हाणीघरात असताना स्वयंपाकघरात कुणी गरम नळ सोडला, की आतलं पाणी एकदम गार. असंच एकदा दचकून त्या घसरल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून आंघोळीची त्यांनी धास्तीच घेतली. "उद्या बघू गं," म्हणत नुसतं अंग पुसून घ्यायच्या.

शेवटी टाकी नसलेला, नळ सोडताच पाणी तापवणारा गिझर घ्यायचं ठरलं.

"एका वेळी नळ किती चालतात, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"एकच!" वहिनी छातीठोकपणे म्हणाली.

"मग मिनिटाला सहा लिटरवाला पुरे."

"माणसं पाच आहेत, मोठा घे," नवरा कुजबुजला.

"पाचही जण एकदम आंघोळीला बसणार आहात का?"

सहाचा सांगून दोघं घरी आली, तर न्हाणीघरातून सासूबाईंची आरोळी, "नळ सोडू नका रेऽ!" आणि धाकटा दीर खरकटं ताट घेऊन ओट्यापाशी ताटकळलेला.

"असा पुतळ्यासारखा का उभा?"

"आई हातपाय धुतेय. आपल्या घरचा कायदा विसरलात, वहिनी?"

तिला एकदम उमगलं. एकच नळ चालायचा तो या धाकापायी. तोच धाक ती दुकानात मोजून आली होती! तिनं तडक फोन लावला.

"भाऊ, चुकलं माझं. दोन नळ धरा. आणि थंडीत आमचं पाणी बर्फासारखं येतं हो."

"मग दहाचा घ्या. पाणी जितकं गार, तितकी गरम धार बारीक होते. मघाशीच सांगायचं की!"

"मघाशी मला तरी कुठे कळलं होतं!"

गिझर बाहेरच्या गॅलरीत बसला. दिराला ओट्याचा नळ सोडायला लावून वहिनीनं आधी स्वतः न्हाणीघरात धारेखाली हात धरून पाहिला. तरी दुसऱ्या दिवशी सासूबाई आत गेल्या, तेव्हा तिच्या ओठांवर देवाचं नाव होतं.

"नळ सोडू नका रेऽ!"

"आई, कधीचा सोडलाय!" दीर ओट्यापासून ओरडला.

आत नळाखाली तांब्या पुन्हा वाजला, आणि पाठोपाठ कित्येक दिवसांनी भजनाची ओळ. वहिनीनं ओट्याला टेकून डोळे मिटले. "पावलास रे बाबा!"

"अगं," आतून आवाज आला, "मला आज वेळ लागेल. घाई करू नका!"