चिन्नाला आज जंताचं औषध दोनदा मिळालं

१. सकाळी मी आपल्या गल्लीतल्या चिन्ना कुत्र्याला जंताचं औषध नाचणीच्या मुद्द्यातून, म्हणजे उकडीच्या गोळ्यातून, दिलं.
२. थोड्या वेळानं समोरच्या अक्कांनी तेच औषध त्याला दहीभातातून दिलं.
३. दुपारी तो ओकला आणि त्याचे मागचे पाय लटपटू लागले.

अक्का रडवेल्या झाल्या. "अगं, स्वल्पच दिलं! दारात उपाशी चेहरा करून आला. वाटलं, याला कुणी विचारलंच नाही."

"तोच चेहरा त्यानं माझ्याही दारात केला होता," मी म्हटलं.

जनावरांचे डॉक्टर येऊन पाहून गेले. डोस जास्त झाला की असं होतं, आज फक्त पाणी द्या, म्हणाले. संध्याकाळी चिन्ना उठला, सरळ चालला आणि अक्कांच्या ताटातली इडली घेऊन पळाला. अक्का चक्क हसल्या.

चिन्नाला आपण सगळेच एकमेकांना न विचारता खाऊ घालतो. खाण्याला हे चालतं, औषधाला नाही. पुढचा डोस दोन आठवड्यांनी आहे. तो एकाच घरानं द्यायचा.

कोण देणार, ते याच कागदावर लिहून कागद शेजारी द्यावा. उत्तर गुरुवारपर्यंत हवं.