अब्बांच्या ट्रॅक्टरची कॉइल

अब्बा गेले तेव्हा त्यांच्या हातात विळा होता.

ट्रॅक्टर चालू असता तर तो हातात घ्यायची वेळच आली नसती.

आज वर्ष झालं. वर्षभर काही लिहवलं नाही.

अब्बा वेरूळ रोडच्या एका गेस्ट हाऊसवर माळी होते. गेस्ट हाऊस बंद झालं तेव्हा मालकानं लॉन कापायचा जुना ट्रॅक्टर त्यांनाच देऊन टाकला. छोटा, पेट्रोलवर चालणारा, बाहेरच्या देशातला. आम्ही हसलो. आमच्या घरापुढं तुळशीएवढी सुद्धा हिरवळ नाही.

मग अम्मी गेली.

अब्बा तो ट्रॅक्टर कब्रस्तानात घेऊन गेले. कबरींवरून नाही, मधल्या वाटा आणि कडेची मोकळी जागा कापायचे. कबरींजवळचं गवत हातानं काढायचे. लोकांना आपापल्या माणसापर्यंत जाता यावं, एवढंच.

अम्मीची कबर पार आतल्या टोकाला. कच्ची, पाटी नाही. अब्बांनी तिथं सब्जा लावला होता, तीच खूण.

आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी कधी आत गेले नाही. अब्बा येऊन सांगायचे, "सब्जा अच्छा आया है." आणि दर वेळी सांगायचे, "बाजू की जगह मेरी है."

मागच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर नखरे करायला लागला. थंड असताना चालू व्हायचा, तापला की बंद. थोडा वेळ थांबलं की परत चालू.

अब्बांनी प्लग बदलला, पेट्रोल बदललं. काही फरक नाही.

मोंढ्याजवळ गॅरेज असलेले शिंदेमामा अब्बांचे जुने दोस्त. त्यांनी इंजिन तापू दिलं, बंद पडल्याबरोबर प्लग काढून बॉडीला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगीच नाही.

"कॉइल गेली, खानसाब. तापली की मरती."

आता कॉइल कुठली घ्यायची?

इंजिनावरचा नंबर झिजला होता. अब्बांनी त्यावर खडूची पूड चोळली, मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढला. सगळे आकडे आले. एक सोडून. तो तीन होता की आठ, कळेना.

तीन असेल तर इंजिन जुनं, त्याला पॉइंटवाली कॉइल. आठ असेल तर नंतरचं, त्याला इलेक्ट्रॉनिक. फोटोत दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या.

मी म्हटलं, "अब्बा, तीनच वाटतंय."

अब्बा म्हणाले, "मेरे कू भी."

शिंदेमामांनी तशी कॉइल मिळवली. स्क्रूची भोकं बरोबर जुळली. फ्लायव्हील आणि कॉइलच्या मधी कागद ठेवून गॅप सेट केला. ठिणगी आली. अब्बांचा चेहरा असा खुलला होता की बस.

इंजिन चालू झालं, खोकलं, उलटा झटका दिला आणि बंद पडलं. परत तसंच. परत तसंच.

शिंदेमामा हात पुसत म्हणाले, "बसली म्हंजी जुळली असं नसतंय. ठिणगी येती, पण येळंवर येत नाय. आठ हाय त्यो."

आठवाली इथं कुठंच नव्हती. कंपनीनंही बनवणं बंद केलेलं. शिंदेमामांनी एका दुकानदारामार्फत बाहेरून मागवली. दुकानदार रोज म्हणायचा, "निघालीय."

इकडं गवत कमरेएवढं झालं. आतल्या टोकाला जायची वाट बंद झाली. डॉक्टरांनी अब्बांना जड काम करू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून ते रोज कॉइलची वाट बघायचे. मी पाचोडच्या शाळेतून संध्याकाळी घरी आले की पहिला प्रश्न, "कॉइल आई क्या?"

"नाही, अब्बा."

एक दिवस त्यांनी विचारलंच नाही. मी यायच्या आधीच विळा घेऊन गेले होते.

चौकीदाराला ते गवतात पडलेले दिसले. गेटपासून कापत निघाले होते. अम्मीपर्यंत पोचायला अर्ध्याहून जास्त बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी जनाजा गेला. मी घरात, बायकांमध्ये. तेवढ्यात जावेदचा फोन. माझा चुलतभाऊ, अम्मी गेली तेव्हा तो पुण्यात होता.

"आपा, बडी अम्मी की कबर किधर है?"

"आतल्या टोकाला. सब्जा आहे बघ."

"सब घास है आपा. कुछ नहीं दिखता."

"नीट बघ ना."

"सब ढूंढ रहे हैं. बडे अब्बा के सिवा किसी कू मालूम नहीं."

मला सुद्धा माहीत नव्हतं. माहीत असणारा माणूस खाटेवर होता.

पाऊस भरून आला होता. जनाजा थांबवून ठेवता येत नाही. गेटच्या बाजूला भिंतीजवळ मोकळी जागा होती. तिथंच दफन केलं.

नंतर कॉइल आली.

शिंदेमामांनी बसवली. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवून शेजारी बसून राहिले. ते बंद पडलं नाही. शेवटी मामांनीच बंद केलं आणि तोंड फिरवून घेतलं.

जावेदनं सगळं कब्रस्तान कापलं. आतल्या टोकाला सब्जा सापडला, वाळलेला, पण होता. शेजारी एका माणसाची जागा रिकामी.

मी विचारलं, "आता अब्बांना तिकडं नेता येईल का?"

जावेद म्हणाला, "नहीं आपा. अब नहीं हिलाते."

काल त्याला सांगितलं, मला फोटो पाठव, दोघांचा मिळून एक.

त्यानं दोन पाठवले. लिहिलं, "दीवार से टिक के देखा आपा. एक में नहीं आते."

अब्बा, अल्लाह तुम्हाला सुकून देवो. तुमच्या लेकीचा सलाम.