स्प्लिंटर म्हणजे कुसळ

सुरतेत लिंबायतहून उधन्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती मला रोज भेटायची. धुळ्याकडची, पन्नाशीची बाई. मांडीवर साड्यांचं गाठोडं असायचं. साड्यांचे लोंबते धागे ती घरी कापायची आणि सकाळी कारखान्यात पोचवायची. शेजारच्याच्या बाहीवर सुटलेला दोरा दिसला तरी तिचा हात आपोआप तिकडे जायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एक दिवस तिने फोन माझ्यापुढे धरला. "भाऊ, मना पोऱ्या फौजमा शे. पलटणीतून हे इंग्रजीत आलंय. स्प्लिंटर म्हणजे कुसळच ना? शेजारच्या पोरीने पुस्तकात बघून सांगितलं."

मी वाचलं. पोटात स्प्लिंटर घुसलेत, घरच्यांनी लगेच यावं.

"मावशी, फौजेत त्याचा अर्थ वेगळा असतो," मी म्हणालो. "बॉम्ब फुटला की लोखंडाचे तुकडे उडतात, ते."

तिने फोन परत घेतला.

"मी हसले रे भाऊ. गल्लीभर सांगितलं, एवढा मोठा फौजी आणि कुसळाला भ्यायला. म्हटलं, तेवढ्यासाठी काश्मीरला कशाला जायचं?"

मेसेज चार दिवसांपूर्वीचा होता.

रिक्षा थांबली. गाठोडं सीटवरच सोडून तिने माझं मनगट घट्ट धरलं. "आता निघाले तर भेटेल ना?"

मी हो म्हणालो.

ती पुन्हा त्या रिक्षात दिसली नाही. तेव्हा दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.