निळा नळ आणि सात बिया

परवा लेकीचा कॅनडाहून व्हिडिओवर फोन आला. तिच्या मांडीवर माझी दोन वर्षांची नात, समोर टेबलावर माती भरलेले कागदी कप.

"आई, इकडे मेच्या मध्यापर्यंत हिव पडतं. मग वांग्याचं बी घरात कधी लावू?"

"शेवटचं हिव ज्या आठवड्यात, तिथून आठ-नऊ आठवडे मागे मोज. आणि घरातली सगळ्यात उबदार जागा शोध. उजेड नंतर, आधी ऊब."

"बरं. आणि पाणी कुठल्या नळाचं घालू?"

कार्टी. तेरा वर्षं झाली, पण तेवढं विचारायला विसरत नाही.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. एप्रिलमध्ये आम्ही कुवेतला आलो. हे पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला, लेक अकरावीत, आणि मी अबू हलीफातल्या चौथ्या मजल्यावर, मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेली. मातीत हात घातला होता तो लग्नाआधी, तोही आईनं ओरडून घातला म्हणून. पण बोलणं असं, की कृषी विद्यापीठानं मला विचारून पेरणी करावी.

निघताना आईनं एक पुरचुंडी दिली होती. जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी, त्यात वांग्याचं बी. हे तिच्या परसातलं वांगं: पांढरट हिरवं, देठ आणि खोडही हिरवंच, आणि भाजलं की आत लोणी. तिला ते तिच्या आत्यानं दिलेलं. नाशिककडच्या त्या गावात आता सगळे दुकानातली रोपं आणतात. हे वांगं आईशिवाय कोणाकडे उरलं नव्हतं.

"अर्धं तुला, अर्धं माझ्या डबीत," आई म्हणाली. "सगळं बी एका घरात ठेवू नये."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी उलटं मोजलं. जानेवारीत इथे रात्री चांगलं गारठतं, वांगं फळ धरत नाही. म्हणजे फळ डिसेंबरच्या आत धरायला हवं. त्यासाठी रोप ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाल्कनीत जायला हवं. रोप तयार व्हायला सहा आठवडे. म्हणजे बी ऑगस्टच्या मध्याला लावायचं, आणि बाहेर त्या वेळी असं ऊन, की कोवळं रोप दुपारपर्यंत पापड. म्हणून घरात. ऑगस्टच्या त्या तारखेभोवती मी लाल पेनानं गोल काढला आणि गोलाभोवती फुलं काढली. त्रेचाळिसाव्या वर्षी. फुलं.

अंड्यांच्या तीस खळग्यांच्या ट्रेमध्ये माती भरली आणि पुरचुंडीतल्या सगळ्या, तीसच्या तीस बिया लावल्या. ट्रे स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, तिथे एसी पोचत नाही. आठव्या-नवव्या दिवशी रोपांनी मान वर काढली. तिसापैकी सव्वीस. मी आईला फोन केला, बहिणीला केला, समोरच्या फ्लॅटमधल्या आपांना हाताला धरून दाखवायला आणलं. आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, तीस वर्षं कुवेतमध्ये, मिस्टरांचं कपड्यांचं दुकान.

"छान गो बाय," त्या म्हणाल्या. "पण एवढं नाचू नकोस. सुहैल दिसू दे आधी."

सुहैल म्हणजे तारा. तो पहाटे दिसायला लागला की उन्हाची कंबर मोडली असं इथली माणसं म्हणतात. मला त्या वेळी ते अडाणीपणाचं वाटलं. माझ्याकडे व्हिडिओ होते ना.

आता पाण्याचं सांगते. कुवेतमध्ये उन्हाळ्यात नळ उलटे होतात. टाकी गच्चीवर, दिवसभर उन्हात, त्यामुळे निळ्या खुणेच्या थंड नळाला आधण येतं. गिझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवायचा, म्हणजे त्यातलं पाणी निवतं. म्हणून जूनपासून आम्ही लाल नळानं अंघोळ करायचो. हे मला ठाऊक होतं. अडीच महिने मी ते रोज करत होते.

त्या दुपारी मी भांडी घासत होते, हातात रबरी मोजे. रोपांची माती सुकलेली दिसली. कोवळ्या रोपांना गार पाणीच द्यावं, हे मी नुकतंच ऐकलं होतं. गार म्हणजे निळा. झाकणाला भोकं पाडलेली बाटली भरली, आणि त्या मोज्यांतल्या हातांनी सव्वीसच्या सव्वीस रोपांना प्रेमानं पाणी घातलं. एकेकाला. वरून.

आधी वास आला. उकडलेल्या पालेभाजीचा. मग माना पडल्या, सगळ्यांच्या एकदम.

लेक पाणी प्यायला आली. ट्रेकडे बघितलं, बाटलीला बोट लावलं आणि झटकन काढलं.

"आई, यू कुक्ड देम."

मी तिला "जा, अभ्यास कर" म्हटलं. अशा वेळी एवढंच सुचतं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. मी सांगणारच होते, खरंच सांगणार होते. पण ती आधी बोलली.

"अगं, माझ्या डबीत ओल शिरली. झाकण नीट लागलं नव्हतं वाटतं. बी सगळं काळं पडलं, बुरशी धरली. मी रडतच होते, मग आठवलं, तुझी सव्वीस उगवलीत. बरं झालं बाई दोन घरांत ठेवलं. कशी आहेत?"

"छान," मी म्हणाले.

"केवढी झाली?"

"बोटभर."

फोन ठेवला. आत्यापासून चालत आलेलं बी आता कुठेच नव्हतं, आणि ते नाही हे फक्त मला आणि एका अकरावीतल्या पोरीला माहीत होतं. मी जुन्या कपड्यांच्या पिशवीतून ती चिंधी शोधून काढली. गाठ सोडली, झटकली. काही नाही. मग काठाची शिवण नखानं उसवली. आत अडकलेल्या सात बिया निघाल्या.

सात. आणि ऑगस्ट संपलेला. लाल गोल दोन आठवडे मागे राहिलेला.

इथे माझ्या हुशारीचा पुढचा अंक. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गरमीनं मारलं ना? मग गारव्यात ठेवू. सातही बिया छोट्या कपांत लावल्या आणि कप थेट बेडरूममध्ये, एसीच्या झोताखाली. आमचे हे प्लांटवरून भट्टीतून आल्यासारखे येत, त्यामुळे त्या खोलीत कायम अठरा. आम्ही गोधड्या घेऊन झोपायचो. बियांना गोधडी नव्हती.

पाच दिवस झाले. आठ झाले. दहा. मी सकाळी उठून आधी कप बघायची, मग चहा. माती काळी, गार, गप्प. बाराव्या दिवशी आईचा फोन, या वेळी व्हिडिओवर.

"दाखव बरं रोपं. वीतभर झाली असतील."

"आज नको, अंधार आहे. शुक्रवारी दाखवते."

"दुपारी दोनला कसला गं अंधार?"

"पडदे... पडदे धुवायला टाकलेत, म्हणून चादर लावलीय."

शुक्रवारी मी ह्यांना सकाळीच गाडीत बसवलं आणि वफ्राला, कुवेतच्या शेतांच्या भागात, घेऊन गेले. तिथल्या एका ग्रीनहाऊसमधून वांग्याची सहा रोपं विकत घेतली, चांगली तरारलेली.

"तुझ्याकडे बी आहे ना?" हे म्हणाले.

"आहे. ही सोबत म्हणून."

"रोपांना सोबत?"

"तुम्ही पंपांना मीटर लावता, मी काही विचारते का?"

संध्याकाळी कॅमेरा रोपांवर धरला. आईनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "खोड जांभळं दिसतंय गं."

"कॅमेऱ्यात तसं दिसतं."

"अस्सं."

माझ्या आईचं 'अस्सं' ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना सांगून उपयोग नाही. लहानपणी साखरेचा डबा पालथा पडला तेव्हा, दहावीची प्रिलिम बुडवली तेव्हा, आणि आता हे. त्यानंतर तिनं रोपांचं नावच काढलं नाही. ते जास्त वाईट होतं.

मी आपांच्या दारात गेले आणि सगळं ओकले. त्या उठल्या, आमच्या बेडरूममध्ये आल्या आणि दारातच शहारल्या.

"अगो, हे काय? मासे ठेवतेस की काय इथे?"

"गरमीनं मेली होती ना मागची, म्हणून..."

"गरमीनं नाय, तू मारलीस. वांग्याचं बी हिवात उठतंय होय? तू तरी उठतेस काय सकाळी या खोलीत?" त्यांनी एका कपातली माती बोटानं हलकेच उकरली. "कुजलं नाय. झोपलंय. फ्रिजवर ठेव, मागच्या बाजूला. तिथे मशीनची ऊब असते. आणि पाणी," त्या दारात थांबल्या, "तोंडात घेऊन बघ आधी. तान्ह्या पोराचं दूध बघतो तसं."

त्या दिवसापासून मी प्रत्येक घोट चाखून घातला. फ्रिजवर कप, खाली मी स्टुलावर. लेक येता-जाता "एनी न्यूज?" विचारायची. सहाव्या दिवशी एका कपात माती किंचित उचललेली दिसली. मी चष्मा लावला. मग ह्यांचा चष्मा लावला. हिरवा वेटोळा. दोन दिवसांत तीन झाली. उरलेल्या चार कपांतून काहीच आलं नाही.

तिन्ही रोपं उशिरा आली होती, तीन-चार आठवडे. ती कॅलेंडरवर कुठेच बसत नव्हती. एकाची मान बारीक होऊन ते आडवं झालं, का ते कळलंच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस उरलेली दोन बादल्यांत लावून बाल्कनीत ठेवली. वफ्राची सहाही शेजारीच होती, मस्त वाढत होती. नोव्हेंबरात एक कबुतर आमच्या हिरव्या खोडावर येऊन बसलं. त्या माजलेल्या सहांपैकी एकावरही नाही. खोड मोडलं.

आता एक.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला दोन फुलं आली. एक गळलं. दुसरं टिकलं, आणि त्याच्या मागे शेंगदाण्याएवढं पांढरट वांगं. त्याच आठवड्यात गार वारा सुटला. संध्याकाळ झाली की मी बादली उचलून आत आणायची, सकाळी बाहेर. ज्या दिवशी पाठ धरली त्या दिवशी ह्यांचं प्लांटचं कव्हरॉल रोपाला घातलं, बाह्या बादलीला बांधून. खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. त्यांना वाटायचं, आमचे साहेब बाल्कनीत उभे आहेत.

वांगं मुठीएवढं झालं, मग दोन मुठींएवढं. ह्यांनी एकदा हळूच विचारलं, "भरीत कधी?"

"हात लावलात तर तुमचंच भरीत करीन."

बियांसाठी वांगं झाडावरच पिवळं व्हावं लागतं, आणि जानेवारीच्या गारठ्यात ते काही केल्या पिवळं होईना. फेब्रुवारी गेला. मार्चच्या सुरुवातीला, सुट्टीवर निघायला नऊ दिवस असताना, बुडाशी पिवळी झाक दिसली. मी ते आठव्या दिवशी उतरवलं. निघायच्या दिवशी सकाळी उभं चिरलं. आत बी होतं, पण पक्कं की पोचट, हे नुसतं बघून मला कळेना. धुतलं, टिशूवर पसरलं, पर्समध्ये ठेवलं. वफ्राच्या झाडांचं भरीत तोवर दोनदा होऊन गेलं होतं. चव बरी होती. ह्यांना फरक कळला नाही.

आईकडे पोचलो तेव्हा सोबत लेकही होती. मी चहाच्या आधीच टिशू पुढे ठेवला. म्हटलं, "आई, एकाच वांग्याचं आहे. आणि रोपं..."

"थांब," आई म्हणाली. "आधी बघू तरी बी आहे का."

ही परीक्षा मी लहानपणी पाहिली होती. बी पाण्यात टाकायचं. तळाला बसलं ते उगवणारं, वर तरंगलं ते फेकायचं. आई वाटी घेऊन मोरीच्या नळापाशी गेली. तिथे गिझरचा नळ होता आणि टाकीचा होता. ती दोन्ही नळांकडे आलटून पालटून बघत उभी राहिली. मग वळली.

"पाणी कुठल्या नळाचं घेऊ गं?"

मी लेकीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"केव्हा सांगितलंस?"

"सेम डे," लेक म्हणाली. "संध्याकाळी आजीनं फोनवर रोपांचं विचारलं, आय कान्ट लाय टु आजी."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलंस, डबीत ओल शिरली, ते..." मी आईला म्हणाले.

"ती खरी शिरली," आई म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर उतरला. "तेवढं खोटं असतं तर बरं झालं असतं. सात महिने झोप नव्हती मला."

तिनं वाटी भरली, त्यात बोट बुडवून बघितलं, मग माझंही बोट धरून बुडवलं. आणि टिशू वाटीवर झटकला. बी पाण्यावर पसरलं. सगळंच्या सगळं तरंगत होतं. आम्ही तिघी खाली वाकून बसलो. बाहेर कोणीतरी आईला हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

मग आईनं वाटीच्या काठावर टिचकी मारली. एक बी डुललं आणि खाली गेलं. मग दुसरं. मग चार-पाच एकदम.