नाही म्हणाल्या

दगडाची परवानगी घेतल्याशिवाय त्याच्याकडे डोळे वर करून न पाहणारी बाई साऱ्या जुन्नर तालुक्यात एकच होऊन गेली, आणि ती सात वर्षं आमच्या माडीवर भाड्याने राहत होती. गावोगावच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीत कोरलेल्या दगडांवर, पीएच.डी. करायची आणि पदवी मिळाली की एका संग्रहालयात क्युरेटर व्हायचं, एवढा साधा बेत घेऊन नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या आल्या. सामान म्हणजे एक ट्रंक, पातळ कागदाची भेंडोळी आणि कोळशाच्या कांड्या. दगडावर कागद धरून वरून कोळसा घासला की झिजलेलं कोरीवकाम कागदावर उमटतं. असे ठसे माडीवर दोरीला चिमट्यांनी टांगलेले असत. मी पहिल्यांदा चहा घेऊन वर गेले तेव्हा वारा पडलेला होता आणि ते काळे चेहरे हळूहळू माझ्याकडे वळत होते. "घाबरू नका," बाई म्हणाल्या, "नवीन माणूस आलं की बघतात." चहा मी उंबऱ्यावरच ठेवला.

संग्रहालयात प्रत्येक वस्तूचं कार्ड असतं म्हणे. हाताला सवय हवी म्हणून बाईंनी आमच्या घराचीही कार्डं केली. पाट्याचं झालं, वरवंट्याचं वेगळं झालं, जिन्याचं झालं: "स्थिती: चौथी पायरी बोलते." एकदा माझंच कार्ड हाती लागलं. "मराठीच्या शिक्षिका, निवृत्त. स्थिती: किंचित झिजलेली, अक्षर सुवाच्य." मी दोन दिवस अबोला धरला; त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. एकदा त्यांच्याबरोबर डोंगरातल्या लेण्यांत गेले. बाईंनी चपला काढल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि अंधाराला विचारलं, "येऊ का?" मग आतलं माणूस हात पुसून बाहेर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबल्या. मी म्हटलं, "आणि नको म्हणाले तर?"

"तर परत जायचं. दुसऱ्याच्या घरी आपण काय करतो?"

सगळ्या दगडांनी त्यांना आत घेतलं; अडला तो घाटघरचा. एका शेतकऱ्याच्या बांधावरचा तो वीरबाबा. शेंदराचा थर एवढा जाड की खालचं काहीच दिसेना. त्याच्यावाचून शेवटचं प्रकरण पुरं होईना. शेतकऱ्याची काही हरकत नव्हती. "खरवडा की, म्याडम! एवढ्या वर्सांत आमची पोरं दोनदा नापास हून, लगीन करून मोकळी झाली. तुमी अजून दगडाला इचारताय व्हय?" मार्गदर्शकांचंही पत्र आलं: थर काढा, प्रबंध द्या, क्युरेटरची जागा दोन महिन्यांत भरणार आहे. बाई घाटघरला गेल्या, दिवसभर बांधावर बसल्या आणि हात न लावता परत आल्या. कार्डावर एवढंच लिहिलं: "विचारले. अजून नाही म्हणाल्या."

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. 'म्हणाल्या'खाली लाल रेघ ओढून मी म्हटलं, "अहो, बाबा ना तो? मग 'म्हणाले' हवं."

बाईंनी कार्ड परत घेतलं. "मी ऐकलं तसं लिहिलंय."

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. माडीवर दोन दिवस हालचाल नव्हती. तिसऱ्या दिवशी चौथी पायरी बोलली. बाई घाटघरच्या एसटीला निघाल्या होत्या.

पुढच्या वर्षी त्या आजारी पडल्या. दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला. कागद आणि कार्डं माझ्याकडे राहिली. महिन्याभराने तो शेतकरी दारात उभा. "बाई, म्याडम हायेत का? त्यांना सांगा, वीरबाबाचं कवच सुटलं. सोताहून."

मी त्याला सांगितलं. तो पायरीवर बसला. उठताना म्हणाला, "मग तुमी तरी चला."

कागद आणि कोळसा घेऊन मी गेले. शेंदराचं टरफल बांधावर उलटं पडलं होतं. उघड्या दगडात घोडा नव्हता, तलवार नव्हती. कोपरात वाकलेला एक हात होता, मनगटापासून बांगड्यांनी भरलेला. नवऱ्यामागे जळालेल्या कुणा बाईचा दगड.

"आयला," शेतकरी पुटपुटला, "दर दसऱ्याला फेटा बांधत व्हतो आमी हिला!" मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

कागद धरण्याआधी मी विचारलं, "येऊ का?" हसेल म्हणून त्याच्याकडे पाहिलं, तर तो मान तिरकी करून ऐकत होता. "या म्हनत्यात," तो म्हणाला.

घरी येऊन मी ते कार्ड काढलं. माझी लाल रेघ पुसता येईना, म्हणून शेजारी लिहिलं: बरोबर.

माडी पुन्हा भाड्याने दिली नाही. तो ठसा दोरीवर आहे. संध्याकाळी चहा घेऊन वर जाते, दाराशी थांबते, विचारते. उत्तर आलं तर आत जाते. नाहीतर चहा उंबऱ्यावर ठेवून खाली येते.