मनगटावरची गाडीची वेळ

दुर्गाताईचे घड्याळ कायमचे बंद पडले असे मी तिला सांगितले होते, आणि ते खोटे होते. मुंबईच्या घड्याळजीने ते दुरुस्त करून, टिकटिक करीत, माझ्या हाती दिले होते. मी ते घरी आणून जुन्या धोतरात गुंडाळले आणि माझ्या संदुकीच्या तळाशी ठेवले. ही गोष्ट मी पत्नीलाही कळू दिली नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलीची, यमुनेची, कल्याणहून तार आली की आत्या गेली. ठाण्याच्या कचेरीत माझ्याभोवती जमलेल्या मंडळींनी माझ्या डोळ्यांतले पाणी बंधुप्रेमाचे मानले. ते तसे होतेही. पण त्यात आणखी काय मिसळले होते, ते त्यांना कसे दिसावे...

दुर्गाताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान कल्याण स्टेशनात तारमास्तर होते आणि त्यांच्याजवळ खिशात ठेवायचे एक चांदीचे घड्याळ होते. आपल्याकडे वेळा दोन: रेल्वे मद्रासच्या वेळेने चालते आणि गाव आपल्या सूर्याच्या वेळेने, गाडीची वेळ गावापेक्षा अर्ध्या तासाने पुढे. मेहुण्यांचे घड्याळ अर्थातच गाडीच्या वेळेचे. तापाच्या साथीत ते गेले, तेव्हा ताई एक पेटी आणि ते घड्याळ घेऊन ठाण्याला आमच्या घरी आली. लिहिणे-वाचणे तिला त्यांनीच शिकवले होते. पुढे पुण्याला रीतसर शिक्षण घेऊन ती आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली.

शाळेत तास बदलण्याची जबाबदारी तिच्यावर आली, आणि लुगड्याला खिसा नसतो. घड्याळ कमरेला खोचले तर पाहण्यासाठी हातातला खडू खाली ठेवावा लागे. एके दिवशी तिने मेहुण्यांचा काळा कोट काढला, त्याचा घड्याळाचा खिसा अलगद सुटा केला, त्याच कापडाची पट्टी शिवून तिला दोन गुंड्या लावल्या आणि घड्याळ डाव्या मनगटावर बांधले. जेथून बांगड्या गेल्या होत्या, तेथेच.

"ताई, भावजींचा कोट फाडलास?" मी विचारले.

"फाडला नाही रे, उसवला. खिसा ज्याच्यासाठी होता त्याच्याच कामी आला."

त्या काळी माझ्याकडेही घड्याळ होते. सोन्याचा मुलामा, छातीवर आडवी सोडलेली साखळी, म्हणजे अछोडा. त्याला किल्ली द्यायचे राहून गेले तरी दिवसभर माझ्या ध्यानात येत नसे, कारण वेळ मी कचेरीच्या टोल्यावरूनच जाणत असे. माझे घड्याळ लोकांनी पाहण्यासाठी होते, ताईचे तिने स्वतः पाहण्यासाठी. तरी माझ्या अछोड्याकडे पाहून लोक मला "रावसाहेब" म्हणत आणि तिच्या मनगटाकडे पाहून कुजबुजत. घड्याळ उपयोगाचे असावे की मनाला भावणारे, अशी चर्चा हल्ली आमच्या मित्रमंडळात रंगते. ताईच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नव्हता. जे तिला दिवसभर लागे, तेच तिला सर्वांत प्रिय होते.

आमची काशीमावशी एकदा कल्याणहून आली. स्वयंपाकघरात सर्वांसमोर तिने ताईचा हात धरला.

"दुर्गे, बघू! अगोबाई, बांगड्या गेल्या नि हे डबडं आलं होय? पुरुषांनी छातीवर मिरवायचं, ते तू मनगटावर मिरवतेस?"

"मिरवत नाही, मावशी. बघते."

"काय मेलं बघतेस एवढं? आता कोण येणार आहे तुझ्याकडं गाडीनं?"

भाकरी थापणाऱ्या माझ्या पत्नीचा हात थांबला. ताईने मात्र शांतपणे उत्तर दिले, "येणारं कोणी नाही. पण गाडी येते ना रोज. ती वेळेवर आली की बरं वाटतं."

ताईच्या बाजूने मला बोलता आले असते; मी बोललो नाही.

निदान काटे तरी गावच्या वेळेला लाव, असे मी तिला पुष्कळदा सुचवले. रोज हिशेब करत बसण्यापेक्षा ते सोयीचे नव्हे काय? "ही त्यांची वेळ आहे," ती म्हणे, "आणि माझ्या पोरींना वजाबाकी येते." खरोखरच तिच्या वर्गात मुलींनी वेळ विचारली की ती फक्त गाडीची सांगे, गावची मुलींनी काढायची. खोपटच्या आगरी वस्तीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली होती, "बाय, गारीचे बारा, गावाचे सारेअकरा, न माजे पोटान कवाच एक वाजला!" हे सांगताना ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

यमुनेचे लग्न ठरवण्याची वेळ आली. कल्याणचे एक प्रतिष्ठित घर पाहायला येणार होते. नेमकी त्याच सुमारास ताईच्या घड्याळाची कमान तुटली आणि तिने ते मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिले. दुरुस्त झालेले घड्याळ घेऊन परतताना मी वाटेतच ठरवले. विधवा आत्या मनगटावर पुरुषाचे घड्याळ बांधून पाहुण्यांपुढे येणार, आणि माझ्या मुलीचे लग्न मोडणार... हे मला नको होते.

"घड्याळजीनं हात टेकले, ताई. नाही चालायचं आता ते."

"बंद का असेना, आण की परत."

एवढी साधी मागणी मी विचारातच घेतली नव्हती. मग मी दुसरे खोटे बोललो. "सुटं केलंय त्यानं सगळं. चाकं इकडं, काटे तिकडं. काय आणू त्यातलं?"

"बरं," ती म्हणाली, आणि रिकामी पट्टी मुठीत धरून दिवेलागणीपर्यंत ओटीवर बसून राहिली.

पाहुणे आले. यमुनेचे भावी सासरे पान घेता घेता ताईला नमस्कार करून म्हणाले, "शाळेतल्या ताई त्या आपणच ना? आपल्या घड्याळाची कीर्ती कल्याणपर्यंत आली आहे. आज हातात दिसत नाही?"

"बिघडलं," ताई म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात संशय नव्हता. दोघांचेही काही हरवले आहे, अशा सहानुभूतीने तिने माझ्याकडे पाहिले. ज्या भयापायी मी हे केले, ते भय त्या एका प्रश्नाने खोटे ठरले होते. त्याच रात्री मी घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवायला हवे होते. त्यानंतरचे प्रत्येक वर्ष केवळ माझ्या भित्रेपणाचे आहे. त्यावर लोकनिंदेचे पांघरूण घालण्याचा अधिकार मला नाही.

पुढे ताई कल्याणच्या शाळेत गेली आणि यमुनेच्या शेजारी राहू लागली. मी भेटायला जाई, तेव्हा बोलता बोलता इंजिनाची शिटी ऐकू आली की तिचा डावा हात आपोआप वळे, ती मोकळ्या मनगटाकडे पाही आणि स्वतःशीच हसे. दर भेटीला आज सांगायचे असे ठरवून मी निघे, आणि दर भेटीहून तसाच परते.

तेराव्या दिवसासाठी निघताना मी संदूक उघडली. ठाणे स्टेशनात घड्याळाला किल्ली दिली आणि काटे फलाटावरच्या मोठ्या घड्याळाशी, गाडीच्या वेळेशी, जुळवले. मेहुणे हेच करीत असतील. इतक्या वर्षांनीही ते पहिल्या किल्लीला चालू लागले.

जेवणे झाल्यावर यमुनेने ताईची पेटी उघडली. लुगड्यांखाली ती काळी पट्टी निघाली. कापड विटले होते. पण गुंड्या नव्या होत्या आणि खिशाची शिवण अलीकडची होती.

"रिकामी पट्टी आत्या अजून शिवत होती," यमुना म्हणाली. "कशासाठी, अण्णा?"

समोर व्याही बसले होते. भिंतीला टेकून काशीमावशी बसली होती, आता पार वाकलेली. ज्यांच्यासाठी मी लपवले ती सारी माणसे एका खोलीत होती. मी खिशातून घड्याळ काढून त्या पट्टीत ठेवले. ते नेमके बसले. खोलीत टिकटिक ऐकू येऊ लागली, आणि मावशीने मान वर केली.

यमुना घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. "हे तर मोडलं होतं ना?"

ताईची घोंगडी अजून कोपऱ्यात घडी करून ठेवलेली होती. मी तिच्याकडे तोंड केले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ताई, तुझं घड्याळ मोडलं नव्हतं. ते त्याच वेळी दुरुस्त होऊन आलं होतं. तुझी मला लाज वाटली, म्हणून मी ते लपवलं, आणि पुढे स्वतःची लाज वाटली म्हणून दिलं नाही. तू बंद पडलेलंसुद्धा मागत होतीस, तेवढंही मी दिलं नाही. माझं चुकलं, ताई. मला क्षमा कर."