तीर्थाचा ओघळ

आमच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर आहे हे कळलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मला कळलं की पुण्यात डॉक्टर फार आहेत. त्यातले बरेचसे बँकेतून निवृत्त झालेले असतात, एवढंच. भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता निदान करायचा आणि चहा होईपर्यंत उपचार सांगून मोकळा व्हायचा. कुणी गव्हांकुरांचा रस, कुणी गोमूत्राचा अर्क, कुणी पलंगाची दिशा. "केमो कशाला देताय हो?" हा प्रश्न तर "एवढं गोड कशाला करता चहा?" या सुरात यायचा.

माझ्या नवऱ्याच्या आत्या बिबवेवाडीला राहतात. त्या या मंडळींत अग्रेसर. त्यांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी मेव्हण्याची गाठ नुसत्या पुडीने विरघळली होती. गाठ कसली, मेव्हणा आता कुठे असतो, असं विचारलं की त्या दुखावायच्या. "तुझा विश्वासच नाही, तिथेच सगळं अडतं," म्हणायच्या आणि आणखी अर्धा कप मागायच्या. म्हणजे गुण आला तर पुडीचा, नाही आला तर दोष माझा. इतकी पक्की हमी आमच्या मिक्सरलाही मिळाली नव्हती.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की मला विचारल्याशिवाय हिच्या पोटात काहीही जायचं नाही. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. औषधाला ती चांगली साथ देत होती, आणि डोस वेळेवर गेले तर ती बरी होईल अशी आशा होती. 'वेळेवर' हा शब्द बाईंनी जरा दाबूनच उच्चारला होता. त्यामुळे मी लोकांच्या बाटल्या हसतमुखाने घ्यायचे आणि बाल्कनीतल्या कुंडीत ओतायचे. आमचा मनीप्लांट त्यातच गेला.

नवरा कॉम्प्युटरवाला. "दोन्ही चालू ठेवलं तर काय बिघडतं? बॅकअप असलेला बरा," तो म्हणायचा.

"आणि बॅकअप घेताना मूळ फाईलच उडाली तर?" मी विचारायचे. मग तो हेडफोन लावायचा.

मग एका तपासणीत लिव्हरचे आकडे बिघडलेले निघाले. डॉक्टरबाईंनी डोस पुढे ढकलला. "घरी दुसरं काही देताय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, नवरा नाही म्हणाला, सोबत आलेले सासरे तर सगळ्यांत ठामपणे नाही म्हणाले. पुढच्या तपासणीत आकडे आणखी चढले. डोस परत लांबला. ज्याच्यावर तिचं जगणं टांगलेलं, तेच थांबलं होतं, आणि का थांबलं ते कुणालाच कळत नव्हतं.

सासरे रोज सकाळी पूजा करतात आणि पळीने सगळ्यांना तीर्थ देतात. त्यासाठी मी पाणी उकळून गार करून ठेवायचे. "देवालाही आता पथ्य," एवढंच ते पुटपुटले होते. मुलगी उजवा तळवा पुढे करायची, तीर्थ प्यायची आणि ओला हात डोक्यावरून फिरवायची, आपण सगळेच फिरवतो तसा. फक्त तिच्या डोक्यावर तेव्हा केस नव्हते.

त्या सकाळी मी तिला टोपी घालायला गेले, तर टकलावर कपाळापासून मागेपर्यंत एक राखाडी ओघळ वाळलेला. बोट फिरवलं, तर बोटाला बारीक पूड लागली. केस असते तर जन्मात दिसली नसती.

मी ते बोट सासऱ्यांपुढे धरलं. "बाबा, हे काय?"

"तीर्थ."

"तीर्थ राखाडी कधीपासून व्हायला लागलं?"

त्यांनी पळी पुसून ठेवली. मग देव्हाऱ्याखालच्या खणातून त्यांनी पुडी काढली. कसबा पेठेतले कुणी गृहस्थ भस्म देतात, ते आत्यांनी आणून दिलं होतं, आणि सासरे त्यातलं चिमूटभर फक्त तिच्या पळीत टाकायचे.

"आणि हॉस्पिटलमध्ये नाही म्हणालात!"

"देवापुढे ठेवूनच देत होतो अगं. एकदा देवापुढे ठेवलं, की ते तीर्थच."

मी ओरडले. इतकी, की शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. "तिचा डोस थांबलाय, बाबा! तुमच्या या पुडीपायी!"

सासरे पाटावर बसले ते उठेचनात. "तुम्ही दोघं धावपळ करता," ते म्हणाले. "मी नुसता बसून बघतो. मला काहीच करता येत नव्हतं गं." मला रडू आलं आणि राग तसाच राहिला. पण त्याच दिवशी ते पुडी खिशात घालून माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे आले आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बाईंनी त्यांना उभं-आडवं झापलं.

पुडी बंद झाल्यावर आकडे हळूहळू उतरले आणि डोस पुन्हा सुरू झाला. आत्यांचं म्हणणं पडलं, "आत्ता कुठे गुण येत होता."

सासरे मात्र डॉक्टरबाईंकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या सकाळपासून तीर्थ आधी स्वतः घ्यायला लागले. ओला हात स्वतःच्या टकलावरून फिरवायचे आणि डोकं माझ्यापुढे वाकवायचे. "बघून घे." मग मुलगीही आपलं डोकं वाकवायची, तिला तो खेळ वाटायचा. मी दोन्ही टकलं नीट निरखायचे. नको, राहू द्या, असं एकदाही म्हणाले नाही.

आता तिचे उपचार संपलेत, तपासण्या तेवढ्या चालू आहेत. केस आलेत, पूर्वी सरळ होते ते आता कुरळे. तीर्थाचा हात त्यांत कुठे जिरतो, काही दिसत नाही. म्हणून वेणी घालताना मी तिच्या केसांतून हात फिरवते आणि तळवा खिडकीच्या उजेडात धरून बघते. सासरे समोरच पेपर घेऊन बसलेले असतात. माझं बघून होईपर्यंत ते पेपर उघडत नाहीत.